बाळाला लस देताना आईलाही विचारा: पुण्याच्या आरोग्य विभागाला आणि डॉक्टरांना खुलं पत्र

मा. आरोग्य अधिकारी, पुणे महानगरपालिका,
आणि शहरातले सगळे स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, दवाखान्यातल्या सिस्टर आणि आशाताई,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारण तुमच्याकडे वेळ कमी असतो हे मला माहितीये. बाळाला लस द्यायला आई येते ना, दीड महिन्याला, अडीच महिन्याला, साडेतीन महिन्याला, मग नवव्या महिन्यात, मग दीड वर्षाच्या बूस्टरला, त्या प्रत्येक वेळी बाळाचं वजन झालं की आईकडे बघून एवढंच विचारा की बाई, छातीत किंवा काखेत कुठं गाठ लागते का, एका बाजूचा आकार बदललाय का, बोंडातून रक्त येतं का. ती हो म्हणाली तर तिथंच तपासा आणि दोन आठवड्यांत गाठ गेली नाही तर सोनोग्राफीला पाठवा. वय विचारू नका, चोवीस असू दे नाहीतर चाळीस. आणि ज्या बाईला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय तिच्या केसपेपरवर शेवटचं बाळंतपण कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी झालं ते लिहा. माझी मागणी एवढीच आहे, पण ती का करतेय हे नीट सांगायला हे सगळं पत्र लागणारे.

माझी धाकटी जाऊ ३३ वर्षांची होती. दुसरी मुलगी झाली, सगळं व्यवस्थित, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक, घरात आनंदीआनंद. पोर सात-आठ महिन्यांची असताना तिला डाव्या बाजूला वरच्या अंगाला गाठ लागली. दुखत नव्हती. आजूबाजूच्या बायकांनी सांगितलं दूध साकळलं असेल, ते तर घरोघरी सांगतात, पण ती डॉक्टरांकडे गेली तर तिथंही तेच सांगितलं, दुधाची गाठ आहे, गरम शेका, त्या बाजूला जास्त पाजा. मग एक अँटिबायोटिकचा कोर्स झाला. मग दुसरा. हात लावून बघितलं असेल नसेल, सोनोग्राफी मात्र कुणी लिहून दिली नाही. आणि याच काळात ती लेकीला घेऊन लशींना जात होती, सर्दी-तापाला जात होती, जुलाब झाले तेव्हा गेली, दरवेळी लेकीचं वजन, उंची, डोक्याचा घेर सगळं लिहिलं गेलं आणि मांडीवर पोर घेऊन समोर बसलेल्या बाईला कुणी काहीच विचारलं नाही. पोर सव्वा वर्षाची झाली, दूध तोडलं, छाती रिकामी झाली आणि गाठ तिथंच. तेव्हा कुठं बायोप्सी झाली. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ज्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत असा जोराचा प्रकार, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. किमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं, आज ती आहे, कामाला जाते, पोरींचे डबे करते. पण ते सात-आठ महिने तिला कुणी परत देणार नाही आणि त्या महिन्यांत काय पसरलं असेल हा विचार तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या दिराच्या डोक्यातून जात नाही.

त्या डॉक्टरांचं नाव मी घेणार नाही, कारण हे एका डॉक्टरचं काम नाहीये. नंतर किमोच्या वॉर्डात बसून बसून इतर बायकांशी बोलले, जुन्नरहून आलेली, दौंडची, एक इथलीच धायरीची, लहान पोरं घरी ठेवून आलेल्या, आणि प्रत्येकीच्या गोष्टीत तीच दुधाची गाठ, तोच शेक, तेच थांबणं. म्हणजे शिकवण्यातच काहीतरी राहून जातंय.

काय राहतंय ते सांगते. आपल्याला सगळ्यांना एक गोष्ट पाठ आहे की मुलं झाली, अंगावर पाजलं की ब्रेस्ट कॅन्सर होत नाही. पोस्टरवर असते, भाषणात असते. ती खोटी नाहीये. १७१३ साली रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं लिहून ठेवलंय की मठातल्या जोगिणींमध्ये हा आजार जास्त दिसतो. १९२६ मध्ये इंग्लंडात जॅनेट लेन-क्लेपॉन या बाईंनी ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० बायकांची तुलना करून मुलं किती, पाजलं किती हे मोजलं. १९७० मध्ये मॅकमहॉन यांनी जगातल्या वेगवेगळ्या भागांतली माहिती एकत्र करून दाखवलं की पहिलं मूल लवकर झालं तर धोका कमी. आणि २००२ मध्ये ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र केले तेव्हा निघालं की प्रत्येक बाळंतपणामागे धोका साधारण ७ टक्के कमी होतो आणि पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्के. सगळं खरं. फक्त हे संरक्षण मिळतं ते मुख्यतः पुढं, पन्नाशी-साठीत.

तरुण वयात चित्र उलटं आहे आणि हे आपल्या पोस्टरवर कुठंच नाही. २०१९ मध्ये १५ मोठ्या अभ्यासांमधल्या जवळपास ८ लाख ९० हजार बायकांची माहिती एकत्र करून बघितली, तर बाळंतपणानंतर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका मूल न झालेल्या बाईपेक्षा वाढतो, साधारण पाच वर्षांनी तो सगळ्यात जास्त असतो, जवळजवळ १.८ पट, आणि मग हळूहळू उतरत उतरत वीसेक वर्षांहूनही जास्त काळानं तो मूल न झालेल्या बाईच्या खाली जातो. पहिलं मूल उशिरा झालं असेल, मुलं जास्त असतील किंवा घरात आई-बहिणीला कॅन्सर असेल तर ही वाढ अजून जास्त. पाजलं म्हणून ही मधली वाढ टळली असंही त्या अभ्यासात दिसलं नाही. म्हणजे ज्या काळात आपण आईला सांगतो की आता तू सुरक्षित आहेस, नेमका तोच काळ तिच्यासाठी जास्त सांभाळायचा असतो.

हे झालं आजार होण्याचं. झाल्यावर बाई जगते की नाही, त्याबद्दल तर आपल्याकडे कुणी बोलतच नाही आणि मला खरं तेच बोलायचंय. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची नोंद असते, जन्माची, बाळंतपणाची, कॅन्सरची, मृत्यूची, त्यामुळे तिथं असले अभ्यास नीट होतात. १९९७ मध्ये तिथल्या ४५ आणि त्याहून कमी वयाच्या ५,६५२ रुग्ण बायकांचा अभ्यास छापून आला. ज्या बायकांना बाळंतपणानंतर दोन वर्षांच्या आत कॅन्सर निघाला त्यांच्यात मृत्यूचा धोका, शेवटचं बाळंतपण पाच वर्षांहून जुनं असलेल्या बायकांच्या मानानं, दीडपटीहून थोडा जास्त होता. आणि लक्षात घ्या, गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्यात, हे सगळं हिशोबात धरून. म्हणजे फक्त उशिरा कळलं म्हणून नाही. एकूण मुलं किती झाली यानं तिथं जगण्यात फरक पडला नाही, शेवटचं मूल कधी झालं यानं पडला. पुढं २०१९ मध्ये अमेरिकेत कोलोराडोमध्ये ४५ आणि त्याहून कमी वयाच्या ७०१ बायकांचा अभ्यास झाला, त्यात तर बाळंतपणानंतर दहा वर्षांपर्यंत निघालेल्या कॅन्सरमध्ये आजार शरीरात दुसरीकडे पसरण्याचा धोका, मूल न झालेल्या रुग्णांच्या मानानं, दुपटीच्या आसपास दिसला. दहा वर्षं! आपण बाळंतीण म्हणतो सव्वा महिन्यापर्यंत.

असं का होतं ते मी वाचलं, आपल्या समजुतीप्रमाणे सांगते, डॉक्टरांना माहितीच असणार. दूध बंद झालं की छातीतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी फार मोठ्या संख्येनं मरतात आणि सगळी रचना मोडून परत पहिल्यासारखी होते. लग्न आटोपल्यावर मांडव उतरवतात तसं, आणि मांडव उतरवताना जशी माणसं, टेम्पो, दोऱ्या सगळं आत-बाहेर चालू असतं तशी शरीराच्या साफसफाईच्या पेशी तिथं गोळा होतात, नवं कोलॅजेन तयार होतं, जखम भरताना होतं तसंच सगळं वातावरण तयार होतं. आधीच कुठंतरी कॅन्सरची बारीक सुरुवात झालेली असेल तर तिला या गडबडीत वाढायला आणि पसरायला वाव मिळतो. प्रयोगशाळेत उंदरांमध्ये हे दाखवलंय. म्हणूनच वयानं, टप्प्यानं सारख्या दिसणाऱ्या दोन बायकांमध्ये, जिचं बाळंतपण नुकतंच झालंय तिचा आजार जास्त जोरात जाऊ शकतो, आणि म्हणूनच तिच्या बाबतीत महिनाभराचा उशीरसुद्धा परवडणारा नसतो.

आता कुणीतरी म्हणेल की असं लिहून तुम्ही बायकांना घाबरवताय, उद्या पाजणंच बंद करतील. तर दोन गोष्टी स्पष्ट सांगते. पहिली, आकडा लहान आहे. त्याच २०१९ च्या मोठ्या अभ्यासात ४१ ते ४५ या वयात, तीन ते सात वर्षांपूर्वी बाळंत झालेल्या बायकांमध्ये, मूल न झालेल्या बायकांपेक्षा दर एक लाखामागे ४१ केस जास्त निघाल्या. लाखात ४१. तरुणपणी हा आजार मुळात कमीच असतो, त्यामुळे मूल होऊ द्यायचं की नाही हे कुणी यावर ठरवू नये. बाळंतिणीच्या छातीतली बहुतेक गाठ, दहातल्या आठ म्हणा, साधीच निघते. दुसरी गोष्ट, पाजणं बंद करू नका, कुणी करायला सांगू पण नका, बाळासाठी ते हवंच आणि आईचा पुढच्या आयुष्यातला धोका त्यानं कमीच होतो. मी म्हणतेय ते एवढंच की दहातल्या आठ साध्या आहेत म्हणून उरलेल्या दोघींना न तपासता घरी पाठवू नका. कोणत्या दोघी हे शेकून कळत नाही.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं का, तर आपल्या बायकांना हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी होतो. ट्रिपल निगेटिव्ह प्रकार आपल्याकडे जास्त दिसतो. २०२२ चा अंदाज आहे की देशात वर्षाला १ लाख ९२ हजारांच्या आसपास नव्या केसेस आणि ९८ हजारांच्या आसपास मृत्यू. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण आपल्याकडे ६६ टक्क्यांच्या आसपास, अमेरिकेत ९० टक्के. निम्म्याहून जास्त बायका पुढच्या टप्प्यावर पोचूनच दवाखान्यात येतात. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ज्यांची कधीतरी एकदा छातीची तपासणी झालीये अशा किती, तर देशभरात १ टक्क्याहून कमी. एक टक्का पण नाही.

आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो यासाठी की आपल्याकडे यंत्रणा आहे. नाहीये असं असतं तर वेगळं. माता-बाल संरक्षण कार्ड आहे, त्यात बाळंतपणानंतरच्या तपासणीत आईच्या छातीचा रकाना आहे, मऊ की भरलेली, बोंडाला चिरा आहेत का, पण तो सहा आठवड्यांपर्यंतच. आशाताई घरी येतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा भेटी. पुढं ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना परत पाच भेटी, पण त्या भेटी लहान बाळाच्या वाढीसाठी. म्हणजे ४२ व्या दिवसानंतर कार्डावर आई संपते आणि फक्त बाळ उरतं. मग परत आई दिसते ती तिशी ओलांडल्यावर, आशाताई असंसर्गजन्य आजारांचा फॉर्म भरतात त्यात, त्यात गाठ आहे का हे विचारतात, चांगलंय, पण तो फॉर्म ३० च्या पुढच्यांचा. बाविसाव्या, पंचविसाव्या वर्षी आई झालेली बाई मधल्या मधे गायब. तिला आपण वर्षभरात इतक्या वेळा बघतो, तिच्या घरी जातो, तिचा मोबाईल नंबर आपल्याकडे असतो, लशीचा मेसेज तिला जातो, आणि तरी तिच्याबद्दल काही विचारत नाही. बरं यासाठी नवीन इमारत नको, मशीन नको, नवीन पद भरायला नको. कार्डावर एक ओळ वाढवा.

शहरातल्या नोकरदार मुलींचंही सांगते. कायद्यानं २६ आठवड्यांची रजा मिळते, २०१७ पासून. मग हिंजवडी नाहीतर खराडी गाठायची, जायला दीड तास, यायला दीड तास, पंप करायला जागा नाही, मग बऱ्याच जणींचं दूध सहाव्या-सातव्या महिन्यात घाईघाईत तुटतं. छाती भरते, दुखते, गाठी येतात, जातात. अशा वेळी कुठली गाठ राहिलीये हे त्या मुलीला कसं कळणार, ती लॅपटॉप बघणार, पोर बघणार की हे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी सगळं होतं, कंपन्यांच्या डॉक्टरांनी हेही एकदा विचारलं तर काय बिघडेल. आणि यात मुलीनं उशिरा मूल होऊ दिलं म्हणून झालं असं बोलणाऱ्या नातेवाइकांना माझं हात जोडून सांगणं आहे की गप्प बसा. वॉर्डात एकीला तिची सख्खी मावशी सांगत होती की करिअरच्या नादात उशीर केलास ना, आणि शेजारच्या बेडवर जिला मूलच नाही तिला कुणी सांगून गेलं होतं की मूल झालं नाही म्हणून झालं, आणि आमच्या धाकट्या जावेला दोन मुली, दोघींना वर्षाच्या वर पाजलेलं. कुठल्याच बाईला यातून सुटका नाही, तेव्हा एका बाईच्या आजाराचं कारण तिच्या पोटपाण्यात आणि पाळण्यात शोधू नका. आकडे लाखो बायकांचे असतात, समोर बसलेल्या एकीचा दोष काढण्यासाठी नसतात.

डॉक्टरांनो, आता तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही, पण गेल्या काही वर्षांत धाकटीच्या कॅन्सर सर्जनला, तिच्या रेडिओलॉजिस्टला मी पुष्कळ प्रश्न विचारलेत आणि त्यांनी न कंटाळता सांगितलंय. अंगावर पाजणाऱ्या बाईची सोनोग्राफी बिनधास्त करता येते. मॅमोग्राफीसुद्धा करता येते, आधी बाळाला पाजून किंवा दूध काढून गेलं की चित्र जरा स्पष्ट येतं. बायोप्सी करता येते. दुधाची गळती राहील ही भीती घालून बायोप्सी पुढं ढकलतात, तसं क्वचित होतं आणि झालं तरी बरं होतं, कॅन्सर आपोआप बरा होत नाही. नुसत्या बारीक सुईच्या तपासणीवर थांबू नका कारण दुधाच्या काळात पेशी तशाच वेगळ्या दिसतात आणि फसायला होतं, जाड सुईची कोअर बायोप्सी करा आणि पॅथॉलॉजिस्टला चिठ्ठीवर लिहून कळवा की बाई बाळाला पाजतेय. छाती लाल झाली, गरम लागली, सुजली तर बहुतेक वेळा ते इन्फेक्शनच असतं, पण अँटिबायोटिकच्या एका कोर्सनं उतरलं नाही तर दुसरा, तिसरा लिहीत बसू नका, कारण कॅन्सरचाही एक प्रकार अगदी तसाच दिसतो. बाळ अचानक एकाच बाजूला प्यायला तयार नाही असं आई सांगत असेल तर कारण बहुतेकदा साधंच असतं, तरी एकदा हात लावून बघा. आणि गरोदरपणात निघाला तरी हात टेकायचं कारण नाही, ऑपरेशन होतं, पहिले तीन महिने उलटल्यावर ठरावीक किमो देता येते, रेडिएशन बाळंतपणानंतर देतात. गरोदर आहेस, आता नऊ महिने थांबू, असं सांगून घरी पाठवलेली बाई मला माहिती आहे.

बालरोगतज्ज्ञांना विशेष विनंती. बाई स्वतःसाठी दवाखान्यात येत नाही हो. लेकरासाठी येते. लेकराला शिंक आली तरी येते. पहिल्या दोन वर्षांत त्या आईला सगळ्यात जास्त वेळा भेटणारा डॉक्टर तुम्ही असता. तपासणं तुमचं काम नाही हे मान्य, विचारणं आणि चिठ्ठी देणं एवढं करा. तुमच्या तोंडून आलेला शब्द ती आणि तिची सासू दोघीही ऐकतात.

एक शंका आरोग्य विभागातले जाणकार काढतील, ती मीच मांडते. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वीस वर्षं मोठा अभ्यास केला, झोपडपट्टीतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका, निम्म्यांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य सेविकांकडून हातानं तपासणी. २०२१ मध्ये निकाल छापून आला. कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडले, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाले, पण पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूत तसा फरक पडला नाही. मग तरुण बायकांना तपासून उपयोग काय, असं विचाराल. माझं म्हणणं असं की मी सरसकट सगळ्या तरुण मुलींना रांगेत उभं करून तपासायला सांगतच नाहीये. जिला स्वतःला गाठ लागलीये, जी ती सांगतेय किंवा सांगायला लाजतेय, तिला विचारा आणि तिचं दोन आठवड्यांत निदान करा. तपासणीची मोहीम वेगळी आणि तक्रार घेऊन आलेल्या बाईला परत न पाठवणं वेगळं. दुसऱ्यासाठी कुठल्या ट्रायलची वाट बघायची गरज नाही.

आता नोंदीचं. पुण्याची स्वतःची कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सर रुग्णांची नोंदवही आहे, कितीतरी वर्षांपासून, बऱ्याच शहरांना हे नशीब नाही. आणि आयांचा, बाळांचा वर्षानुवर्षं माग ठेवायची तर इथं परंपराच आहे, इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली आणि त्यांची बाळं मोठी होऊन स्वतः आईबाप व्हायला लागली तरी ते काम चालू राहिलं. त्याच शहरात ब्रेस्ट कॅन्सरच्या केसपेपरवर पाळी कधी सुरू झाली, मुलं किती, एवढं लिहितात आणि शेवटचं मूल कधी झालं ते बहुतेक वेळा कोरं राहतं. धाकटीच्या फाईलमध्ये ‘मुलं २’ एवढंच होतं, धाकटी लेक तेव्हा बाहेर बाकावर माझ्या मांडीवर बसलेली होती. तो महिना आणि वर्ष लिहिलं गेलं तर पाच-सात वर्षांत आपल्याकडचे आकडे मिळतील, पुण्याच्या तरुण आयांचे, आणि डेन्मार्क-कोलोराडोवर विसंबायची वेळ येणार नाही. आणि डॉक्टरलाही समोरच्या बाईचा आजार किती जोराचा असू शकतो याचा अंदाज घेताना ते कामी येईल.

एक छोटी गोष्ट राहिली. ज्या तरुण बाईला हा आजार झाला आणि अजून मूल हवंय, तिला आता विसर म्हणून परस्पर सांगून टाकू नका. हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात, ज्याला हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, ४२ आणि त्याहून कमी वयाच्या ५१८ बायकांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२३ मध्ये आला, दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेतल्यावर मुलासाठी दोन वर्षांपर्यंत गोळ्या थांबवल्या, तीन वर्षांत आजार परत येण्याचं प्रमाण गोळ्या न थांबवणाऱ्यांइतकंच, नऊ टक्क्यांच्या आसपास. नंतर गोळ्या परत सुरू करायच्या असतात आणि पुढची वर्षं अजून बघायचीयेत, पण दार बंद नाही. किमो सुरू करायच्या आधी बीजांडं गोठवून ठेवायची सोय आहे हे त्याच आठवड्यात सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.

आरोग्य विभागाला शेवटी एवढंच विचारते की सुरुवात कुठून करताय. माझी सूचना, महापालिकेच्या कुठल्याही दोन-तीन प्रसूतिगृहांत, लसीकरणाच्या दिवशी, सहा महिने करून बघा. सिस्टरना एका दुपारचं ट्रेनिंग, एक शिक्का, ‘आईची छाती: गाठ आहे / नाही, पाठवलं / नाही’, कार्डावर मारायचा. ज्यांना पाठवलं त्यांची सोनोग्राफी महापालिकेच्याच कमला नेहरू हॉस्पिटलमध्ये ठरलेल्या वारी ठेवा म्हणजे बाईला पोर कडेवर घेऊन चार खिडक्या फिरायला लागणार नाहीत, आणि ती आली नाही तर आशाताईंनी फोन करायचा. आमच्या हडपसर भागातल्या काही जणी, त्यात आजारातून उठलेल्यापण आहेत, त्या दिवशी येऊन बायकांशी बोलायला, बाळ सांभाळायला तयार आहेत, पैसे नकोत. धाकटी पण येते म्हणाली. तारीख आणि ठिकाण कळवा.

आपली,
हडपसरची एक रहिवासी